कालवणातली गोळी



मी दुसऱ्या धर्मग्रामात असताना एके रविवारी मिस्सानंतर एक आई थांबली. (हे तिच्या आणि तिच्या मुलाच्या परवानगीने लिहीत आहे.) मुलाला बायपोलर आजार. चढाचे दिवस आले की रात्र रात्र झोप नाही, गावभर उधारी. एकदा तर दारची शेळी विकून मित्रांना जेवण घातले. उताराचे दिवस आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. गोळी मात्र घेत नसे.

“फादर, मी गोळी कुटून कालवणात घालते. पाप लागेल का?”

“आईची माया आहे, घाला,” मी म्हणालो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाने इतक्या झटकन उत्तर द्यायला नको होते. महिन्याभरात मुलाच्या ते लक्षात आले आणि त्याने घरी जेवणेच सोडले. गोळी गेली, आणि आईच्या हातची भाकरीही गेली.

संत ऑगस्टीन आणि संत थॉमस दोघेही असत्याला सवलत देत नाहीत. त्यावर घरचे म्हणतील, तो शुद्धीवर कुठे असतो? खरे आहे. पण या आजारात चढ-उताराच्या मध्ये बरे दिवसही येतात. आज ‘नको’ म्हणणारा तोच आणि बऱ्या दिवसांत ‘मला सांभाळा’ म्हणणाराही तोच. मग त्याची खरी इच्छा कोणती? मला वाटते, बऱ्या दिवसांतली. पण ती आपण विचारतच नाही. घर शांत आहे, कशाला विषय काढायचा, असे म्हणून गप्प बसतो.

शिवाय धोकाही आहे. या आजारावर लिथियम देतात. त्याची योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असते, म्हणून वेळोवेळी रक्त तपासावे लागते. उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायले, जुलाब झाले किंवा काही वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तरी रक्तातले प्रमाण वाढू शकते. आपण काय घेतो हेच ज्याला ठाऊक नाही, तो जपणार कसा?

तरीही त्या आईला मी दोष देत नाही. रोज रात्री भांडायची ताकद संपली की माणूस लपवू लागतो. लेखक जेरी पिंटो मुंबईतल्या माहीमच्या कॅथलिक घरातले. त्यांच्या आईला हाच आजार होता. त्या अनुभवातून आलेली त्यांची इंग्रजी कादंबरी २०१२ साली प्रसिद्ध झाली, शांता गोखले यांनी ती मराठीत आणली. त्यातली मुले आईवर जीव टाकतात आणि तिला वैतागतातही. वैताग येणे म्हणजे प्रेम आटणे नव्हे. पापकबुलीत पुष्कळ जण नेमके तेच सांगत असतात, असे मला वाटते.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बऱ्या दिवसांतल्या इच्छेला मान दिला आहे. आजारपणात कोणते उपचार करावेत व कोणते करू नयेत, हे सज्ञान व्यक्तीला आधी लिहून ठेवता येते. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. जिवाला धोका दिसला तर मात्र कागद शोधत बसू नका, दवाखाना गाठा. सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

पुढे त्या आईची मी माफी मागितली. नाताळाच्या सुमारास मुलगा बरा असताना आम्ही तिघे ओट्यावर बसलो. वहीत त्याने स्वतः लिहिले : तीन रात्री झोपलो नाही, तर मामाला बोलवा. पैसे आईकडे. डॉक्टरकडे नेताना शेजाऱ्यांना जमवू नका.

आणि सगळ्यात खाली, दोनदा रेघ मारून : कालवणात काही घालायचे नाही.