झांकलेलें शस्त्र

शस्त्र बाळगण्याचा अधिकार मनुष्यास असावा कीं नसावा, हा वाद जुना आहे. परंतु त्याच्या पोटांत असलेला एक निराळा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. शस्त्र बाळगावयाचेंच झालें, तर तें लोकांस दिसेल असें बाळगावें कीं झांकून? आणि झांकून बाळगणाऱ्यावर कोणतें नैतिक बंधन येतें?

हा प्रश्न जेथें रोजच्या व्यवहाराचा झाला आहे तो देश म्हणजे अमेरिका. शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणारी तेथील घटनादुरुस्ती १७९१ सालची. तरी एकोणिसाव्या शतकांत झांकलेल्या शस्त्राविषयीं त्याच देशांत तिटकारा होता. केंटकी राज्यानें १८१३ सालीं त्यावर बंदी घातली. कमरेला उघड पिस्तूल लावील तो सरळ मनुष्य, कोटाखालीं लपवील तो दगलबाज, अशी त्या काळची समजूत. आज मत उलटलें आहे. उघडें पिस्तूल पाहून शेजाऱ्यास धडकी भरते, म्हणून तें झांकणें हीच अनेकांस सभ्यता वाटते. न्यूयॉर्क राज्यांत तें बाळगण्यास विशेष कारण दाखवावें लागे. ती अट सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं रद्द केली. केंटकींत तर २०१९ पासून परवान्याचीही गरज उरलेली नाहीं.

दोन्ही समजुतींत तथ्य आहे. उघडें शस्त्र भीति पसरवितें हें खरें; पण तें लोकांस सावधही करितें. तें पाहून एखादी आई मुलाला घेऊन दुसऱ्या बाजूनें जाऊं शकते. शस्त्र झांकलें म्हणजे तिची भीति जाते, पण त्याबरोबर तिची निवडही जाते. आगगाडींत शेजारीं बसलेल्या प्रवाशास, आपला प्राण दुसऱ्याच्या विवेकाच्या हवालीं झाला आहे, हें ठाऊकच नसतें. त्याची संमति कोणी विचारलेली नसते.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्यें गायजीसच्या अंगठीची कथा आहे. त्या अंगठीनें अदृश्य होऊं लागलेला मेंढपाळ राजाला मारून गादी बळकावतो. कोणी पाहत नसतांना मनुष्य नीतीनें वागेल काय, हा तेथील प्रश्न. कोटाखालचें पिस्तूल ही त्या अंगठीची धाकटी बहीणच होय. येथें मनुष्य दिसतो, त्याचें सामर्थ्य मात्र अदृश्य असतें. उघड्या शस्त्रावर शंभर डोळ्यांची नजर असते. झांकलेल्यावर एकट्या बाळगणाऱ्याची. म्हणून साक्षीदाराचें कामही त्यालाच करावें लागतें.

तें काम सोपें नाहीं. चाप पूर्ण झांकील असें म्यान वापरणें, नियमित सराव ठेवणें, घरीं येतांच मुलांचे हात पोंचणार नाहींत अशा ठिकाणीं शस्त्र कुलुपांत ठेवणें, हे झाले बाह्य नियम. खरें व्रत आंतलें आहे. शस्त्र जवळ असतां मद्याचा पेला वर्ज्य. रस्त्यांत कोणी शिवी दिली तर ती गिळली पाहिजे. कारण सशस्त्राचें प्रत्येक भांडण आरंभापासूनच प्राणघातक असतें, मग दुसऱ्या पक्षास तें माहीत असो वा नसो. नुसता सूचक इशारा करणें हीही धमकीच. एरव्हीं ज्या वाटेनें आपण गेलों नसतों, त्या वाटेनें शस्त्राच्या भरंवशावर जाऊं नये. निःशस्त्रास रागावण्याची जी मोकळीक आहे, ती शस्त्र घेतांच आपण गमावली, हें ज्यास पटत नाहीं त्यानें तें घेऊं नये.

कोणी म्हणेल, चोर कांहीं व्रतें पाळीत नाहीं. मग सज्जनानेंच हात बांधून कां घ्यावे? उत्तर असें कीं, हें बंधन चोराच्या सोयीसाठीं नाहीं. तें वाटेनें जाणाऱ्या त्या तिऱ्हाइतासाठीं आहे, ज्याची संमति आपण घेतलेली नाहीं. त्याचें ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग नाहीं. आणि म्हणूनच, परवाना देण्यापूर्वीं माणसाची परीक्षा घेणें हा हक्काचा अपमान आहे, असें मला वाटत नाहीं. कर्ज देतांनाही आपण ऋणकोची पारख करितों.

आपल्याकडे १९५९ च्या कायद्यान्वयें परवान्यावांचून पिस्तूल बाळगतां येत नाहीं, म्हणून हा विषय दूरचा वाटेल. परंतु आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें त्या देशांत संसार थाटून राहिलीं आहेत. उद्यां एखाद्या घरफोडीनंतर त्यांतील कोणी पिस्तूल घेण्याचा विचार बोलून दाखवील. तेव्हां कायदा काय म्हणतो हें सांगावयास तेथें पुष्कळ असतील. तुझ्या रागावर तुझी सत्ता किती, हें मात्र ज्यांनीं त्यास लहानपणापासून पाहिलें आहे त्यांनींच विचारावें.