भिंतीवरील काचेची पट्टी

आमच्या वसतिगृहाच्या जुन्या स्वयंपाकघराच्या भिंतीला एक भेग होती. नांदेड जिल्ह्यातील काळ्या जमिनीवर ज्यांनी घर बांधले आहे, त्यांना भेगेचे नवल वाटणार नाही. ही माती उन्हाळ्यात तडकते, पावसाळ्यात फुगते आणि वरच्या भिंतीलाही आपल्याबरोबर हलवते. आमच्या आधीच्या धर्मगुरूंच्या काळात एका वयस्क गवंड्याने त्या भेगेवर आडवी काचेची पट्टी बसवली, तिची दोन्ही टोके प्लॅस्टरमध्ये पक्की केली आणि खाली पेन्सिलीने तारीख घातली. आम्ही या धर्मग्रामात आलो तेव्हा पट्टीकडे बोट दाखवून तो म्हणाला, “फादर, काच शाबूत आहे तोवर भेग जुनी. काच फुटली की भेग वाढतेय समजा, आणि मला बोलवा.” काचेला ताणता येत नाही, वाकता येत नाही, भिंत केसभर सरकली तरी ती तुटते. तिचे काम एवढेच. त्या काचेचे पुढे काय झाले ते आम्ही ओघात सांगणारच आहोत, कारण त्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

गेल्या नाताळच्या सुटीत आमच्याच वसतिगृहात राहून शिकलेला एक अभियंता भेटावयास आला होता. मुंबईत आरे ते कफ परेड ही साडेतेहेतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो २०२५ साली पूर्ण झाली. त्या कामावर त्याने काही वर्षे काढली आहेत. काचेची हकीकत ऐकून तो हसला आणि म्हणाला, “फादर, आम्ही जे भिंतींना लावतो ती तुमच्या काचेचीच नात.” मुठीएवढी डबी असते. तिच्या पोटात भेगेची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारे किंवा भिंतीचा कल अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत पाहणारे संवेदक असते. गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या चाळींखालून यंत्र पुढे सरकत असता वरच्या भिंती किती झुकल्या, जमीन किती खचली, बोगद्याच्या दोन बाजू एकमेकींकडे किती सरकल्या, हे सारे मोजत राहावे लागते. पूर्वी यासाठी माणसे फीत घेऊन आत जात, किंवा तारा ओढाव्या लागत; तारा ओलीत सडत आणि यंत्राखाली तुटत. आता या डब्या बिनतारी बोलतात. बोगद्यात रेडिओलहरी वळणापलीकडे पोहोचत नाहीत, म्हणून एक डबी आपला आकडा पुढच्या डबीच्या हाती देते, ती तिच्या पुढच्या, आणि असा तो आकडा तोंडाशी बसलेल्या माणसापर्यंत येतो. बॅटरी काही वर्षे पुरावी म्हणून डबी बहुतेक वेळ झोपलेली असते. ठरल्या वेळी जागी होते, मोजते, सांगते आणि पुन्हा झोपते.

हे सर्व कौतुकाचे खरे; परंतु आमचे लक्ष वेधले ते त्याने सहज सांगितलेल्या दुसऱ्याच एका गोष्टीने. काम सुरू होण्याआधीच एक कागद तयार होतो. हालचाल अमुक मिलिमीटर झाली तर मोजणी वाढवायची, तमुक झाली तर उपाय करायचा, आणि त्याहून अधिक झाली तर काम थांबवायचे, अशा मर्यादा त्यावर लिहिलेल्या असतात. शिवाय, थांबवायचे कोणी, हेही लिहिलेले असते. “रात्री तीन वाजता आकडा लाल झाला तर वाद घालायला वेळ नसतो,” तो म्हणाला, “आणि घातला तर माणूस काम चालू ठेवण्याच्याच बाजूने घालतो.” आम्हाला वाटते, शहाणपण जे काही आहे ते डबीत नसून या कागदात आहे. भीती नाही, घाई नाही, पैशाची ओढ नाही अशा वेळी माणूस स्वतःला बांधून घेतो. कारण त्या तिन्ही गोष्टी येतील तेव्हा आपण कसे वागू, हे तो ओळखून असतो. संत थॉमस अक्वायनसने विवेक या सद्‌गुणाची जी अंगे सांगितली त्यांत दूरदृष्टी आणि सावधपणा यांना स्थान आहे. सेमिनरीत हे आम्ही पाठ केले होते. अर्थ मात्र या मुलाने सांगितला.

या कागदाचे मोल लातूरकरांना समजावून सांगण्याची गरज पडू नये. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या परिसरात जमीन हलू लागली होती. ऑक्टोबरात त्यांतला सर्वांत मोठा धक्का झाला. जमिनीतून आवाज येत. माणसे घाबरली, कित्येक रात्री बाहेर झोपली. धक्क्यांच्या नोंदीही झाल्या. म्हणजे इशारा नव्हता असे नाही. मग धक्के विरळ झाले, थंडी आली, पिके आली आणि माणसे माळवदाखाली परतली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून गावे झोपली असता, सहाहून अधिक रिश्टरचा धक्का बसला. मृतांचा सरकारी आकडाच सात हजारांवर गेला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

आम्ही तेव्हा तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होतो आणि मदतकार्याच्या तुकडीबरोबर तेथे गेलो होतो. तत्त्वज्ञान काही उपयोगी पडले नाही. घमेले उचलता येत होते ते पडले. जे पाहिले त्यातील एकच गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, दगड आणि चिखलाच्या. पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये भर, आणि दोन्हींना आरपार जोडणारे दगड नाहीत. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यांवर दर काही वर्षांनी घातलेली माती, असे वजनदार माळवद. मराठवाड्याच्या उन्हात त्याहून सुखाचे छप्पर नाही. हादऱ्याने भिंतीचे दोन थर सुटले आणि ते सारे ओझे झोपलेल्यांवर आले. जेथे माळवदाचा भार लाकडी खांबांनी पेलला होता, तेथे भिंती पडूनही काही छपरे उभी राहिलेली दिसली. मारले ते धरणीने नव्हे, छपराने.

ही जाणीव नवी नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे भरलेली असताना लिस्बन शहर कोसळले. आमच्याच परंपरेतील गाब्रिएल मालाग्रिदा या येशूसंघीय धर्मगुरूंनी तो पापाचा दंड आहे, असे लिहिले. रूसोने व्हॉल्टेअरला पाठविलेल्या पत्रात अगदी वेगळा मुद्दा काढला : निसर्गाने तेथे दाटीवाटीने हजारो उंच घरे बांधली नव्हती. वाचकहो, शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी होते काय, हा प्रभूने विचारलेला प्रश्न आठवला तर मालाग्रिदांपेक्षा रूसोच शुभवर्तमानाच्या जवळ उभा दिसतो, हे एका धर्मगुरूला कबूल करावे लागते. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने मात्र तिसरेच काही केले. त्याने देशातील धर्मग्रामांना प्रश्नावली पाठविली : धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी हटला की चढला, विहिरींचे काय झाले, भूमीला भेगा पडल्या काय? उत्तरे लिहिली ती बहुतांशी धर्मगुरूंनी. भूकंपशास्त्राच्या आरंभी या कागदांना मानाचे स्थान आहे. बिनतारी डब्यांच्या आधी हे काम आमच्या व्यवसायबंधूंनी केले होते, असे म्हणावयास हरकत नाही!

पण पाहणे आणि सांगणे वेगळे, ऐकून काही करणे वेगळे. येथे खरी अडचण आहे आणि तिच्यावरून झटकन पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. लहान धक्क्यांच्या बहुतेक मालिका मोठ्या धक्क्यावाचून विरून जातात. १९९२ साली कोणी किल्लारी रिकामी केली असती आणि वर्ष शांत गेले असते, तर त्याला गावाने मूर्खात काढले असते. शिवाय तो भाग तेव्हाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. किल्लारीला पुढे छिद्र घेतले तेव्हा काळा पाषाण सुमारे ३३८ मीटर खोलवर असल्याचे दिसले. एवढ्या दगडावर बसलेला माणूस निर्धास्त राहिला, यात त्याचे काय चुकले? २००२ मध्ये तो कमी धोक्याचा पट्टाच नकाशातून काढून टाकण्यात आला आणि लातूर तिसऱ्या पट्ट्यात आले. तोवर नऊ वर्षे लोटली होती.

इटलीतील लाक्विला येथे २००९ सालच्या भूकंपानंतर हाच प्रश्न न्यायालयात गेला. महिनोन्‌महिने लहान धक्के बसत होते. लहान धक्क्यांनी जमिनीतली शक्ती बाहेर पडते आहे, तेव्हा हे चांगलेच, अशा अर्थाचे आश्वासन एका सरकारी अधिकाऱ्याने दूरदर्शनवरून दिले. धक्का बसला की रात्र बाहेर काढायची, ही तेथील जुनी रीत. आश्वासनामुळे अनेकांनी ती मोडली. ६ एप्रिलच्या रात्री तीनशेहून अधिक माणसे गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली पण राहिली. भूकंपाचे भाकीत करता आले नाही म्हणून कोणाला तुरुंगात धाडावे, हे आम्हाला पटत नाही. परंतु ‘आम्हाला माहीत नाही’ असे म्हणण्याचे धैर्य नसताना ‘काळजी करू नका’ असे म्हणणे, हा खोटी साक्ष देण्याचाच एक सभ्य प्रकार आहे. माहीत नाही असे ज्याला सांगितले जाते, तो निदान आपली खाट अंगणात घालतो.

आमच्या भागात जमीन अजूनही बोलते. निलंगा तालुक्यातील हासोरीला २०२२ च्या सप्टेंबरात जमिनीतून येणाऱ्या आवाजांनी गाव रस्त्यावर आले. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास ४.५ रिश्टरचा धक्का झाला आणि नांदेडपर्यंत जाणवला. झावळ्यांचा रविवार तीन दिवसांवर होता. त्या दिवशी दुपारी स्वयंपाकाच्या मावशी येऊन म्हणाल्या, “फादर, काच फुटलीय.” आम्ही जाऊन पाहिले. बरोबर मध्ये तुटली होती. गवंडी त्याआधीच्या वर्षी वारला होता. पवित्र आठवडा तोंडावर, कबुलीजबाबांना रांगा. ईस्टरनंतर पाहू, असे आम्ही म्हणालो. ईस्टर झाला. एका मोठ्या मुलाकडून आम्ही नवी काच लावून घेतली आणि खाली नवी तारीख घातली.

हे लिहिताना आजही हात अडखळतो. इशारा मिळाला नाही, समजला नाही, यांपैकी काहीच झाले नव्हते. काच फुटली म्हणून आम्ही काच बदलली.

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातला पुन्हा तेवढ्याच ताकदीचा धक्का बसला. त्या वेळेस मुले स्वयंपाकघरात, त्याच भिंतीला लागलेल्या बाकांवर, चहापोळीला बसतात. भेगेजवळचे चार-पाच दगड आणि हातभर गिलावा बाकावर येऊन पडला. बाक रिकामे होते. जूनमध्ये शाळा उघडल्यापासून मावशी मुलांना लिंबाखाली वाढत होत्या, पाऊस आला की ओट्यावर. आम्ही ते रोज पाहत होतो. उकाड्यामुळे असेल असे समजत होतो. आम्हाला का विचारले नाही, असे त्या दिवशी म्हणून गेलो. मावशी म्हणाल्या, “मग काच कशाला लावली होती?” मावशींचे माहेर औसा तालुक्यातले. त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारले नाही.

ती भिंत उतरवून आरपार दगड घालून नव्याने बांधली आहे. अभ्यासखोलीला तशीच एक बारीक भेग आहे. तिच्यावर दोन काचा लावल्या आहेत. आमचा अभियंता पुढच्या वेळी एक डबी आणून बसवणार आहे, जरूर बसवावी. तोवर त्याच्याच सांगण्यावरून आम्ही एक कागद लिहून दाराला लावला : दोहोंपैकी एक काच फुटली तर त्याच घटकेला खोली रिकामी करावी, कुलूप लावावे, कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये, कुलूपकिल्ली मावशींकडे राहील. कागद वाचून दाखवला तेव्हा मावशींनी एवढेच विचारले, “आणि पुन्हा उघडायची कोणी ठरवायचं?” ते लिहावयाचे राहूनच गेले होते. कागद उतरवून आम्ही पुन्हा टेबलाशी बसलो.