शेजारच्या खाटेवरील माणसाचा हक्क

वाचकहो, ज्या माणसाची आपण निवड केलेली नाही, ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही आणि महिना-दीड महिन्यानंतर जो बहुधा पुन्हा भेटणारही नाही, अशा माणसाचे आपण काही देणे लागतो काय? लागत असल्यास ते कशाच्या आधारावर?

हा प्रश्न दरवर्षी हजच्या दिवसांत अनेक प्रौढ माणसांसमोर उभा राहतो. २०२४ साली भारताच्या वाट्याला १,७५,०२५ यात्रेकरूंचा कोटा आला होता. एवढ्या मोठ्या समुदायाच्या सेवेसाठी राज्याराज्यांतून शासकीय कर्मचारी पाठवले जातात. शिवाय जेद्दा आणि इतर शहरांत नोकरी करणारे कित्येक भारतीय रजा काढून, स्वखुशीने मिनामध्ये येतात आणि वाट चुकलेल्या वृद्धांना त्यांच्या तंबूपर्यंत पोचवतात. ही मंडळी दिवसभर हजारोंच्या गर्दीत वावरतात आणि थकूनभागून एका खोलीत परततात. त्या खोलीत आणखी तीन-चार अनोळखी माणसे असतात.

विद्यार्थिदशेत वसतिगृहातील मैत्री सहज जुळते, कारण तेव्हा सवयी घट्ट झालेल्या नसतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचे तसे नसते. घरात त्याचा शब्द चालतो, कार्यालयात हाताखाली माणसे असतात, झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असते. असा माणूस मक्केतील अजीजिया भागातल्या एखाद्या खोलीत येतो तेव्हा साध्या साध्या गोष्टी डोंगराएवढ्या होतात. एकाला एसीचा गारवा हवा असतो, दुसऱ्याचे सांधे दुखतात. एक मध्यरात्री कामावरून परततो आणि खोलीभर उजेड करतो. दुसरा तहज्जुदसाठी गजर लावतो. सर्वांची झोप मोडते, तो मात्र घोरत राहतो. एक कोकणातील शाफई, दुसरा मराठवाड्यातील हनफी. अस्रच्या वेळेवरून आणि आमीन मोठ्याने म्हणावी की हळू, यावरून बोलाचाली सुरू होते. हजमध्ये वादविवाद करू नये, ही पवित्र कुरआनची आज्ञा (सूरह अल-बकरा, आयत १९७) सर्वांना पाठ असते. पण ती खोलीच्या दाराबाहेरच राहते.

अशा वेळी मनात एक विचार येतो आणि तो वरवर पाहता पुण्यशील वाटतो. ‘मी येथे अल्लाहच्या पाहुण्यांची सेवा करायला आलो आहे. या खोलीतील माणसांशी जुळवून घेणे हे माझे काम नव्हे. जुळले तर जुळले, नाही तर चाळीस दिवसांचा तर प्रश्न आहे.’

या विचारामागे एक गृहीतक आहे. ते असे की जवळीक आधी मनातून यावी लागते आणि कर्तव्य तिच्या मागोमाग येते. इस्लामची शिकवण याच्या नेमकी उलट आहे. सूरह अन-निसाच्या ३६व्या आयतीत सद्वर्तनाचे हक्कदार क्रमाने सांगितले आहेत. आई-वडील, नातेवाईक, अनाथ आणि गरजवंत यांच्यानंतर नात्यातला शेजारी येतो, परका शेजारी येतो आणि त्यांच्यानंतर येतो ‘साहिब बिल-जम्ब’, म्हणजे कुशीला असलेला सोबती. भाष्यकारांनी या शब्दाचे अनेक अर्थ दिले आहेत. कोणी प्रवासातील सहचर म्हटले आहे, कोणी जीवनसाथी, तर कोणी काही काळ बाजूला बसणारा कोणताही माणूस. वाचकहो, ध्यानात घ्या, येथे आवडीची अट घातलेली नाही. किती दिवसांची सोबत, याचीही अट नाही. तो आपल्या शेजारी आहे, एवढ्यानेच त्याचा हक्क सिद्ध होतो. शेजारच्या खाटेवरील माणूस आवडू लागेपर्यंत थांबण्याची सवलत आपल्याला मिळालेली नाही.

हा हक्क व्यवहारात कसा दिसतो, हे आदरणीय प्रेषितांच्या (स.) घरातच पाहावे. सहीह मुस्लिममध्ये हजरत मिकदाद (रजि.) यांचे कथन आहे. उपासमारीने जर्जर झालेले ते आणि त्यांचे दोन साथी मदीनेत आसरा शोधत होते. कोणाच्याही घरी सोय होईना, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आपल्याकडे आणले. तेथे तीन शेळ्या होत्या. त्यांचे दूध काढायचे, प्रत्येकाने आपला वाटा प्यायचा आणि प्रेषितांचा (स.) वाटा राखून ठेवायचा, असा नेम ठरला. प्रेषित (स.) रात्री परतत, तेव्हा अशा बेताने सलाम करीत की जागा असलेल्याला तो ऐकू यावा आणि झोपलेल्याची झोप मोडू नये.

एका रात्री मिकदाद (रजि.) यांनी राखून ठेवलेले ते दूध स्वतःच पिऊन टाकले आणि मग पश्चात्तापाने त्यांची झोप उडाली. प्रेषित (स.) आले, भांडे रिकामे पाहिले आणि त्यांनी हात वर उचलले. आता आपल्याला शाप मिळणार, असे मिकदाद यांना वाटले. प्रत्यक्षात प्रेषितांनी (स.) प्रार्थना केली ती आपल्याला खाऊ-पिऊ घालणाऱ्याचे भले होण्याची. मिकदाद उठून पाहतात तो शेळ्यांच्या कासा पुन्हा दुधाने भरलेल्या! त्यांनी फेस येईपर्यंत दूध काढले आणि प्रेषितांना (स.) दिले. सारी हकीकत कळल्यावर प्रेषितांनी (स.) विचारले, मग आपल्या त्या दोन साथ्यांना का उठवले नाही? त्यांनाही या कृपेचा वाटा मिळाला असता. मिकदाद प्रामाणिकपणे म्हणाले की आपल्या दोघांना तो मिळाल्यावर आणखी कोणाला मिळाला की नाही, याची मला फिकीर नव्हती.

दिवसभर समाजाचा भार वाहून आलेली व्यक्ती घरात शिरताना आपला आवाज तोलून घेते आणि आनंदाच्या क्षणीही झोपलेल्या दोघांची आठवण ठेवते. खोलीत दिवा लावण्यापूर्वी, दार लोटण्यापूर्वी आपण याचा विचार करावा.

राहिला प्रश्न मोठ्या सेवेचा. एका प्रवासात काही सहाबा रोजाने होते, काही नव्हते. दिवस कडक उन्हाचा होता. मुक्कामाला पोचताच रोजेदार गळून पडले. ज्यांचा रोजा नव्हता त्यांनी तंबू उभारले, जनावरांना पाणी पाजले. प्रेषितांनी (स.) सांगितले की आजचे सारे पुण्य रोजा नसलेले घेऊन गेले. सोबत्यांच्या मुक्कामाची सोय करण्याचे मोल हे असे आहे. मिनातील गर्दीत वृद्धाला हात देताना चार माणसे पाहतात, दुआ देतात. खोलीतील आजारी सोबत्यासाठी मध्यरात्री पाणी गरम केले तर ते कोणाला दिसत नाही. आपली सेवा अल्लाहसाठी आहे की लोकांसाठी, याची परीक्षा त्या वेळी होते.

मग सोबत्याचे सर्व काही मुकाट्याने सोसावे काय? नाही. अत्याचार करणाऱ्या भावालाही मदत करा आणि ती मदत म्हणजे त्याला अत्याचारापासून रोखणे, हीसुद्धा प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. चूक एकांतात, सौम्य शब्दांत सांगणे हा सोबत्याचाच हक्क आहे. तसेच त्याच्यावर भार न होणे हेही आपले कर्तव्य आहे. मदीनेत बंधुभाव जोडला गेला तेव्हा हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता तेवढा विचारला. एकाने देताना हात आखडला नाही, दुसऱ्याने घेताना संकोच जपला. त्यांचे नातेही स्वतः निवडलेले नव्हते, जोडून दिलेले होते.

आणि निरोप घेतल्यावर? हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतरही प्रेषित (स.) शेळी कापली की त्यांच्या मैत्रिणींकडे वाटा पाठवीत. सहवास संपला, तरी त्याची जाण त्यांनी जपली. चाळीस दिवसांच्या सोबत्याला ईदच्या दिवशी एक फोन, त्याच्या घरी कोणी आजारी असल्यास चौकशी, आणि त्याच्या खोलीतल्या उणिवांबद्दल आयुष्यभर मौन, एवढे तरी आपण देऊ शकतो.

आपल्या घरातून कोणी सेवेसाठी किंवा रोजगारासाठी परदेशी निघाले असेल, तर सामानाची यादी करताना त्यांना एवढे अवश्य सांगा की ज्या खोलीत राहाल, तेथे एक हक्कदार आधीच तुमची वाट पाहत असेल. मैत्री जुळणे अल्लाहच्या हाती आहे, हक्क देणे आपल्या हाती. आणि बहुधा हक्क देता देताच मने जुळतात.

अल्लाह आम्हां सर्वांना आपल्या सोबत्यांचे हक्क ओळखण्याची आणि ते अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.