पिळलेले लिंबू कुणाच्या वाट्याला?

१९८०च्या दशकाच्या मध्यावर रमजान भर उन्हाळ्यात येत असे. रेणापूरच्या आमच्या घरी असरची नमाज झाली की लिंबे पिळायला घेतली जात. घरच्यांसाठी एक पातेले आणि मशिदीत इफ्तारला पाठवायची एक बादली, एवढे सरबत लागायचे. पिळून झालेली सालटी आम्ही मुले उकिरड्यावर टाकायला निघालो की अम्मा आतून ओरडायची, "छिलके फेंको नक्को रे, काम कू आते!"

आणि ती खरोखरच कामाला येत. मुसलमानाच्या घरात तांब्याची भांडी फार. मिठाच्या खड्यात बुडवलेली लिंबाची फोड बाहेरून फिरवली की काळा पडलेला हंडा नव्यासारखा लाल दिसू लागे. तांब्यावर हवेने चढलेला थर लिंबातले आम्ल विरघळवते, मीठ त्याला साथ देते. मात्र घासल्यावर लगेच धुवावे लागते, नाही तर हिरवट डाग उमटतात. आतल्या कलईला अम्मा फोड लावू देत नसे. बोअरच्या जड पाण्याने भांड्यांच्या बुडाशी पांढरे क्षार धरत. त्यात दोन-चार सालटी टाकून पाणी उकळले की ते सुटत. बकरीदेला गोश्त कापून, वाटे करून चरबट झालेले हात सालटीनेच निघत. चाँदरातीला बहिणींच्या हातावरची मेंदी वाळत आली की पिळलेली फोड साखरेच्या पाण्यात बुडवून वरून टिपत. रंग चांगला चढे. एवढे करून जी सालटी उरत, त्यांचे लोणचे.

रेणा नदीच्या काठचे गाव असले तरी हा मुलूख पाण्याचा नव्हे. २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले, हे साऱ्या देशाने पाहिले. अशा ठिकाणी काटकसर ही कुणी हौसेने शिकत नाही. ती अंगात मुरलेली असते, आणि पुढे चार पैसे आले तरी जात नाही. लिंबू वाया गेलेले आम्ही एकाच जागी पाहिले, तिकाटण्यावर. अमावस्येला कुणी उतरून टाकलेले लिंबू अख्खे, रसाळ असले तरी त्याला कुणी हात लावत नसे. वळसा घालून जाणाऱ्यांत आमचेही लोक असत, हे कबूल केले पाहिजे.

आमच्यात इसराफवर, म्हणजे उधळपट्टीवर, बयाने कमी होत नाहीत. खा, प्या, पण उधळू नका, हा कुरआनचा हुकूम लहान मुलालाही ठाऊक असतो. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी बेताने वापरावे, अशी रिवायत सांगितली जाते. हे सारे शिरोधार्य आहे. आमची शंका निराळी आहे. इसराफ आपण नेहमी टाकलेल्या वस्तूवरून मोजतो. ती वस्तू न टाकण्यासाठी कोण राबले, तिखटाने आणि राखेने चिरलेल्या बोटांना कुणाच्या लिंबू झोंबले, आणि वाचवलेले शेवटी कुणाच्या ताटात पडले, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

नवव्या शतकात बसऱ्याच्या जाहिजने 'किताबुल बुखला' हा कंजुषांवरचा ग्रंथ लिहिला. त्यात एका बाईची हकीकत आहे. तिला चुलत भावाने कुर्बानीची मेंढी भेट म्हणून पाठवली. बाईला चिंता पडली की यातले काही वाया गेले तर? मग ती एकेक गोष्ट लावत जाते. शिंगाची खुंटी, आतड्याची तात, हाडे उकळून निघालेली चरबी दिव्याला, कातड्याची पिशवी, लेंड्या वाळवून जळण. रक्त तेवढे उरते आणि त्याने तिचा जीव खालीवर होतो. शेवटी तिला आठवते की नव्या हंड्यांना गरम चरबट रक्त चोळले तर ते टिकाऊ होतात, आणि तिच्या मनावरचा भार उतरतो. वाचणारा हसतो. जाहिजने तिला कंजुषांच्या रांगेत बसवले आहे. पण ती बाई विधवा आहे, घरात कर्ता माणूस नाही, हे ती स्वतःच सांगते. आम्हाला ती कंजूष वाटत नाही. आलेल्या मेंढीचे तिने जे जे केले ते स्वतःच्या घरासाठी केले. उरलेले दुसऱ्याच्या पदरात टाकून तिने वर सवाब मिळवला नाही.

हे लिहिण्याचे कारण वेगळेच आहे. २०२२च्या एप्रिलमध्ये रमजान आणि लिंबाची टंचाई एकदमच आली. कित्येक शहरांत लिंबू दोनशे-तीनशे रुपये किलोच्या वर गेले. त्या महिन्यात अम्माचे शब्द आम्हाला पुन्हा आठवले. सालटी साठवली, चिरली, मीठ-तिखट-गूळ घालून बरणी उन्हात ठेवली. लोणचे कडवट झाले, आणि दोन आठवड्यांत वर पांढरी बुरशी दिसू लागली. टाकून देणे जिवावर आले. तेव्हा आम्हीच घरात सुचवले की वरचा थर काढून भांडी घासायला येणाऱ्या बाईंना देऊन टाकावे, त्यांच्या घरी खपेल. वाया गेले नाही आणि दिल्याचे समाधानही झाले.

आठ-दहा दिवसांनी बरणी परत आली. लख्ख घासलेली, आणि तिच्यात कारळाची चटणी, ताजी, वर तेलाची तार. "रिकामं भांडं कसं परत द्यायचं, भाभी?" एवढेच त्या म्हणाल्या. लोणच्याबद्दल चांगले नाही, वाईट नाही. आम्ही त्या चटणीला हात लावू शकलो नाही.

अल्लाहच्या वाटेवर देताना असे निवडून काढलेले निकृष्ट देऊ नका, जे तुम्हाला कुणी दिले असते तर तुम्ही डोळे मिटल्याशिवाय घेतले नसते, अशी समज सूरह बकरहमध्ये आहे. आम्ही ती अनेकदा वाचली होती. पण ती धान्याला, खजुराला, जुन्या कपड्यांना लागू आहे असे समजून चाललो. लोणच्याची बरणी तिच्यात बसत असेल हे सुचले नाही. कुणी म्हणेल, सालटीचे लोणचे ही काही वाईट वस्तू नव्हे, अम्मा तेच खात नव्हती का? खात होती. इथेच आम्ही अडखळलो. अख्ख्या लिंबांचे लोणचे अब्बांसाठी, पाहुण्यांसाठी, आमच्यासाठी, आणि सालटीचे तिच्यासाठी, ही वाटणी आमच्या घरात कुणी कधी ठरवली नाही. दस्तरखानावर ती शेवटी बसायची आणि पुढ्यात ती छोटी बरणी ओढायची. ते तिला आवडत होते की नव्हते? आम्ही कधी विचारले नाही, आणि आता विचारायला ती नाही. ज्या सवयीला आम्ही काटकसर म्हणून डोक्यावर घेतले, तिच्यात अर्धी काटकसर होती आणि अर्धी आमची बेफिकिरी.

आता तर सालटी कुणी साठवतही नाही. ती कचऱ्यात जातात आणि वर लिंबाचे चित्र असलेली भांड्यांच्या साबणाची वडी विकत येते. दुकानात मिळणारे लिंबूसत्वही आज लिंबाचे नसते. साखरेवर किंवा मळीवर एक बुरशी वाढवून ते करतात, आणि ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. आमच्याकडे उसाला तोटा नाही, तेव्हा त्यात नवल मानायचे कारण नाही. बुरशीवरून पुन्हा आमची बरणी आठवते, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

ती बरणी का बिघडली, हे मागाहून आपाला फोनवर विचारले. ती हसली. "नुस्त्या सालटीचं लोणचं टिकतंय होय? आंबटपणा सगळा पिळून गेलेला. वाटीभर सालटीला दोन अख्खी लिंबं वरून पिळायची, मीठ सढळ घालायचं."

लिंबे मोजून यायची त्या घरात अम्मा ही दोन लिंबे कुठून काढायची, हे आम्ही विचारले.

"सरबताच्यातून. आधीच पदराखाली झाकून ठेवायची. त्या दिवशी सरबत जरा फिकं व्हायचं. तुला नाही कळायचं. अब्बांना कळायचं, पण ते काही बोलायचे नाहीत."