आजचं मनन: प्रार्थनेच्या वेळी आलेला फोन

वाचन: मत्तय 14:13–23



मागच्या रविवारी उपासनेनंतर आमच्या तरुण संघात एका मुलीनं विचारलं, "दादा, मन लागत नसताना नुसती सवय म्हणून बायबल वाचलं, प्रार्थना केली, तर ते ढोंग नाही का?" तिची नोकरी नवीन आहे, शिफ्ट रात्रीची. मी "पुढच्या रविवारी बोलू" म्हणून वेळ मारून नेली. उत्तर द्यायचं तर स्वतःबद्दलची एक गोष्ट सांगावी लागली असती आणि तिथे सगळ्यांसमोर धीर झाला नाही. ती आज इथे सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझी शांत वेळ अगदी शिस्तीत चालली होती. पहाटे साडेपाचचा अलार्म, चहाचा कप, बायबल अ‍ॅपवर दोन अध्याय, मग प्रार्थना. अ‍ॅपवर सलग 387 दिवसांची स्ट्रीक झाली होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले, जे मोजता येतं तेच आम्हाला खरं वाटतं. सर्व्हर किती दिवस बंद न पडता चालला हे जसं आम्ही मिरवतो, तसाच मी हा आकडा मिरवायचो. कधी कधी रात्री पावणेबाराला आठवायचं की आज वाचन राहिलंय. मग अंथरुणात पडल्या पडल्या अध्याय उघडायचा, अंगठ्यानं खाली सरकवायचा आणि हिरवी खूण आली की झोपायचं. वाचलं काय, ते विचारू नका.

एक नियम मात्र मी कडक पाळायचो. शांत वेळेत कोणाचाही फोन घ्यायचा नाही.

त्या दिवशी सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना आईचा फोन आला. आईवडील नगरला असतात, मी पुण्यात. आई तशी लवकरच फोन करते, कधी गॅसच्या सिलिंडरचं काम, कधी कोणाच्या लग्नाचं. मी कट केला. दोन मिनिटांनी पुन्हा आला. पुन्हा कट केला. सव्वासहाला मी फोन लावला तेव्हा उचलला शेजारच्या काकांनी. पप्पांना पक्षाघाताचा झटका आला होता. काकांनी स्वतःच्या गाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलंही होतं.

पक्षाघातात एक-एक मिनिट मोलाचं असतं. काकांमुळे उशीर झाला नाही, देवाची दया. पण त्यात माझा काही हात नव्हता. दुपारी मी पोहोचलो तेव्हा आईनं विचारलं, "सकाळी कुठे होतास रे?" मी म्हणालो, "प्रार्थनेत होतो गं." ती म्हणाली, "बरं." पुढे काही बोलली नाही.

ते खोटं होतं. प्रार्थना केव्हाच उरकली होती. आईचा फोन आला तेव्हा मी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकायचं वचन कोणत्या फोटोवर चांगलं दिसेल, ते बघत होतो. सूर्योदय की डोंगर, एवढाच प्रश्न होता.

त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी शांत वेळ घेतलीच नाही. स्ट्रीक गेली. मनात एकच वाद चालायचा: ज्या सवयीनं मला माझ्या आईचा आवाज ऐकू दिला नाही, ती देवाच्या जवळ नेणारी कशी असेल? त्यापेक्षा मनापासून वाटेल तेव्हाच प्रार्थना करावी. ते तरी खरं असेल. तुमच्यापैकी पुष्कळ जणांना हा वाद पटेल. मलाही पटला होता. अडचण एवढीच झाली की त्या दोन महिन्यांत मनापासून फारसं कधी वाटलंच नाही.

मग पप्पांनी मला शिकवलं, तेही जवळजवळ न बोलता.

झटक्यानं त्यांचा उजवा हात आणि बोलणं गेलं होतं. समोरच्या माणसाचं बरंच समजायचं, पण शब्द जुळून यायचे नाहीत. 'पाणी' म्हणायला जायचे आणि भलतंच काहीतरी निघायचं. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस. त्यांना स्वतःचाच राग यायचा. एका संध्याकाळी पाळकसाहेब भेटायला आले. जाताना सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि पप्पा आमच्याबरोबर बोलू लागले. पहिल्या शब्दापासून 'आमेन'पर्यंत. एकही शब्द अडखळला नाही. आई प्रार्थना अर्धवट सोडून त्यांच्याकडे बघतच राहिली.

स्पीच थेरपी देणाऱ्या मॅडमना मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यांनी समजावलं की असं पुष्कळदा होतं. विचार करून वाक्य बनवणं वेगळं आणि वर्षानुवर्षं ओळीनं म्हटलेले शब्द वेगळे. आकडे, वार, गाणी, प्रार्थना शिल्लक राहतात. म्हणजे चमत्कार नव्हे, मेंदूचं कामच तसं आहे. माझ्यातला इंजिनिअर लगेच म्हणाला, मग ही प्रार्थना तरी कसली? पाठ केलेलं बाहेर आलं, एवढंच.

पण त्या संध्याकाळची एक गोष्ट मी मॅडमना सांगितली नव्हती. 'आमेन' झाल्यावर पप्पांनी डावा हात उचलला, माझ्याकडे बघितलं आणि बोटं तोंडाशी नेली. जेवलास का? आमच्या घरी लहानपणापासून संध्याकाळी प्रार्थना व्हायची आणि 'आमेन' झालं की पप्पा म्हणायचे, "चला, जेवायला बसा." शेजारचं कोणी आलेलं असेल तर त्यालाही बसवायचे. त्यांच्या सवयीत देवानंतर लगेच ताटावरचा माणूस यायचा. शब्द गेले तरी ती वाट त्यांच्या अंगात तशीच राहिली होती.

माझ्या सवयीत 'आमेन'नंतर काय यायचं? स्टेटस.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. मत्तय 6:5 मध्ये प्रभू येशू ढोंग्यांबद्दल बोलतो. तिथला मूळ ग्रीक शब्द रंगमंचावरच्या नटासाठी वापरला जायचा. नटाला प्रेक्षक लागतात. मन कोरडं असताना प्रार्थनेला बसणारी माणसं प्रभूनं तिथे दाखवलेली नाहीत. लोकांनी बघावं म्हणून चौकात उभे राहणारे दाखवले आहेत. म्हणून ताई, रात्रपाळीहून थकून आल्यावर झापड येत असताना तू एक स्तोत्र वाचतेस, ते ढोंग नाही. तुला बघायला तिथे कोणी नाही. ढोंग मी करत होतो, कारण माझी प्रार्थना बघणारे दीडशे कॉन्टॅक्ट होते. पप्पांच्या खाटेपाशी प्रेक्षक नव्हते.

स्ट्रीकचं काय चुकलं, तेही मला निर्गम 16 वाचताना उमगलं. अरण्यात देवानं मान्ना दिला तो रोजच्या रोज गोळा करायचा होता. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. कालच्या मान्न्यावर आजचं पोट भरत नाही. आणि काल गोळा करायचा राहिला म्हणून आज मान्ना पडायचा थांबत नाही. मी मात्र 387 दिवसांचा मान्ना डब्यात भरून ठेवला होता आणि डबा लोकांना दाखवत होतो. प्रभूनं आपल्याला भाकर मागायला शिकवली ती आजची.

पण म्हणून सवयच सोडायची का? दानीएल 6:10 बघा. राजाचं फर्मान निघाल्याचं कळल्यावर दानीएल घरी गेला, यरुशलेमेच्या दिशेच्या खिडक्या उघड्याच होत्या, आणि त्यानं दिवसातून तीन वेळा गुडघे टेकले, आधीपासून करत आला होता तसेच. संकट आल्यावर त्यानं नवीन काही सुरू केलं नाही. सिंहांच्या गुहेसाठी लागणारा धीर रोजच्या साध्या गुडघे टेकण्यात तयार झाला होता. पप्पांच्या बाबतीत मी तेच डोळ्यांनी पाहिलं. ज्या दिवशी शब्द सापडत नाहीत, त्या दिवसासाठी शब्द आधी रुजवावे लागतात.

आता आजचं वाचन. योहानाचा शिरच्छेद झाल्याची बातमी ऐकून प्रभू तारवात बसून एकांत ठिकाणी निघाला. त्याला एकांत हवा होता, आणि कारणही किती मोठं. पण लोक पायी चालत त्याच्या आधी पोहोचले. प्रभूनं 'माझी शांत वेळ आहे' असं म्हटलं नाही. त्यांना बघून त्याचं मन कळवळलं. त्यानं आजारी बरे केले, पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन पाच हजार पुरुषांना, शिवाय बायकामुलांना जेवू घातलं. आपण बहुतेक वेळा इथे थांबतो. पुढे वाचा, वचन 23. लोकांना निरोप देऊन तो प्रार्थनेसाठी एकटाच डोंगरावर गेला.

मला वाटतं, सवयीची खरी कसोटी इथे आहे. प्रभूच्या एकांताचं दार शेजाऱ्यासाठी उघडं होतं आणि शेजाऱ्याचं काम झाल्यावर तो पित्याकडे परतला. मी पहिली गोष्ट चुकलो तेव्हा आईचा फोन कट केला. दुसरी चुकलो तेव्हा दोन महिने गुडघे टेकले नाहीत. फोन उचलणं आणि परत येणं, दोन्ही प्रार्थनेतच मोडतं.

सध्या मी काय करतो ते सांगतो. नियम म्हणून नाही, करून बघण्यासाठी.

सकाळी: एक स्तोत्र, छापील बायबलमधून, मोठ्यानं. दिवस मोजत नाही. आई, बायको आणि नगरचे ते काका, या तिघांचे फोन कधीही वाजतात. फोन आला तर उठायचं, बोलायचं आणि पुन्हा त्याच ओळीवर येऊन बसायचं.

दुपारी: डबा उघडण्याआधी प्रभूची प्रार्थना, सावकाश. ही काही माझी युक्ती नाही. 'दीदाखे' नावाच्या आरंभीच्या मंडळीच्या छोट्या ग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीन वेळा करायला सांगितलंय.

कामात: कोडचा बिल्ड व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. त्या वेळी रील्स बघण्याऐवजी ज्याच्यावर राग आलाय त्याचं नाव देवापुढे घेतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबायचे. ते काम त्यांना मुळात आवडायचं नाही, पण भांड्यांच्या गोंधळातही ते देवाशी बोलत राहायला शिकले. आपलं ऑफिस काही त्याहून गोंगाटाचं नाही.

रात्री: आठ वाजता नगरला व्हिडिओ कॉल. पप्पा प्रभूची प्रार्थना सांगतात, आम्ही मागून म्हणतो. झोपताना स्वतःला दोन प्रश्न: आज देवाची दया कुठे दिसली? आज मी कोणाला बाजूला सरकवलं? दुसऱ्याच्या उत्तरात एखादं नाव आलं तर सकाळी त्याला फोन. मत्तय 5:23–24 मध्ये प्रभूनं अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय, तेच हे.

एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी बसायचं. बस, एवढंच.

एक गोष्ट राहिली. मागच्या नाताळात मी आईला खरं काय ते सांगितलं. ती करंज्या तळत होती. झारा हातात धरूनच म्हणाली, "मला माहीत होतं. तुझं स्टेटस मी दवाखान्यातल्या बाकावर बसून बघितलं होतं." मला काय बोलावं कळेना. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "वचन चांगलं होतं. तू फोन उचलला असतास तर अजून बरं वाटलं असतं." आणि एक गरम करंजी माझ्या हातावर ठेवली.

चला, प्रार्थना करू या.

हे प्रेमळ पित्या, आमच्या कोरड्या मनासकट आम्ही तुझ्यापुढे येतो. लोकांनी बघावं म्हणून केलेल्या प्रार्थनांची आम्हाला क्षमा कर. आज पुरती भाकर दे. तुझ्याजवळ बसलेलो असताना कोणी हाक मारली तर उठण्याचं मन दे, आणि काम झाल्यावर तुझ्याकडे परत यायची ओढ दे. ज्यांचे शब्द हरवले आहेत त्यांच्या मनातलं तू ऐक. प्रभू येशूच्या नावानं मागतो. आमेन.

आजसाठी: ज्या माणसाचा फोन तुम्ही 'नंतर करू' म्हणून ठेवलाय, त्याला आज फोन करा. मग येऊन राहिलेला अध्याय वाचा.