वेड नेमके कोणाला लागते?

मनाचा विकार हे माणसाच्या कर्माचे फळ असते की देहाच्या एका अवयवातील बिघाड असतो, हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा वाटला तरी त्याच्या तळाशी धर्मविचारातील एक जुना प्रश्न आहे: ज्याची बुद्धी, स्मृती आणि भावना पालटून गेली, त्या माणसात नेमके काय बिघडले आणि काय शाबूत राहिले? पनवेल तालुक्याने या वादाचा पहिला खंड एका वेगळ्या रोगाच्या निमित्ताने पाहिलेला आहे. नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन उभे राहिले त्या काळी महारोग म्हणजे पूर्वजन्मीच्या पातकाची शिक्षा, ही समजूत सर्वदूर होती, आणि रोग्याला गावाबाहेर काढणाऱ्यांना आपण काही क्रूर करतो आहोत असे वाटतही नव्हते. वास्तविक नॉर्वेचे वैद्य हॅन्सेन यांना त्या रोगाचा जंतू १८७३ मध्येच आढळला होता. जंतू सापडला म्हणून पापाची कल्पना लगेच ढळली नाही. कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवणारा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ मध्ये वगळली गेली. तरीही कुष्ठरोग्याला त्याचे पाप विचारणारा माणूस आज क्वचितच भेटेल.

मनोरुग्णाला मात्र ते अजून विचारले जाते. कधी उघडपणे, कधी ‘बाहेरचे झाले आहे’, ‘कोणी करणी केली’, ‘कुळाच्या देवाचे काही राहून गेले’ अशा शब्दांत. भगताकडे नेण्यात, उतारा टाकण्यात किंवा अंगातले काढण्यासाठी मिरच्यांची धुरी देण्यात जे दडलेले असते ते हेच की विकाराचा कोणीतरी कर्ता आहे, मग तो रोगी स्वतः असो, त्याचे पूर्वज असोत किंवा शेजारी असो. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने बांधणे, मारणे आणि धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे. तथापि कायदा कृत्याला शिक्षा देतो, कृत्यामागच्या तत्त्वज्ञानाला उत्तर देत नाही. ते उत्तर तत्त्वज्ञानातूनच द्यावे लागते, आणि ते भारतीय परंपरेच्या आतूनही देता येते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाची जी व्याख्या आहे ती आजच्या वाचकालाही चकित करील इतकी नेमकी आहे. मन, बुद्धी, संज्ञाज्ञान म्हणजे भोवतालची व स्वतःची ओळख, स्मृती, भक्ती म्हणजे आवडनिवड, शील, चेष्टा म्हणजे देहाच्या हालचाली, आणि आचार या आठ गोष्टींचा विभ्रम म्हणजे उन्माद, असे तेथे म्हटले आहे. विचार एकीकडे आणि भावना दुसरीकडे अशी वाटणी त्यात नाही. आवडनिवड बिघडणे हेही बुद्धी बिघडण्याइतकेच रोगाचे लक्षण धरले आहे. त्याच प्रकरणात ग्रंथकार आणखी पुढे जातो आणि देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस हे माणसाला आपण होऊन पीडा देत नाहीत, असे सांगतो. भुताखेतांवरचा दोष काढून घेण्याचे हे धैर्य मोठे आहे. परंतु तो दोष ग्रंथकार लगेच माणसाच्या स्वतःच्या कर्मावर आणि प्रज्ञापराधावर, म्हणजे बुद्धीच्या चुकीवर, ठेवतो, हे दडवून चालणार नाही. चिकित्सास्थानात तर मित्रांनी धीर देण्याच्या उपायांबरोबरच रोग्याला चाबकाचे फटके देणे आणि दात काढलेल्या सापांनी भिववणे असे उपायही सांगितले आहेत. परंपरेचा आधार घ्यायचा तर तिचा हा भागही समोर ठेवूनच घ्यावा लागतो.

आधार मिळतो तो वैद्यकापेक्षा दर्शनांत. सांख्यदर्शनाने जगाची पुरुष आणि प्रकृती अशी विभागणी केली, तेव्हा बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीच्या, म्हणजे जड पदार्थाच्या, बाजूला टाकली. पुरुष हा केवळ साक्षी राहिला. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात हाच विचार शेताच्या दृष्टान्ताने येतो. देह हे क्षेत्र, त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ, आणि क्षेत्राच्या यादीत माती-पाण्यासारखी महाभूते तर आहेतच, शिवाय अहंकार, बुद्धी, इच्छा, द्वेष, सुख, दुःख, इतकेच काय, धृती आणि चेतनाही आहे. ज्ञानेश्वरांनी या अध्यायावर विस्ताराने लिहिताना हे क्षेत्र कोणाच्या मालकीचे यावर निरनिराळ्या मतांचा झालेला झगडाही मांडला आहे. पनवेलपासून फार दूर नसलेल्या पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, तेव्हापासून तर हा विचार मराठी घरांत रोजच्या वाचनाचा झाला. असे असूनही त्याचा सरळ निष्कर्ष क्वचितच काढला जातो. इच्छा, दुःख आणि बुद्धी क्षेत्रात असतील तर क्षेत्राला जसा कोणताही रोग होतो तसा त्यांनाही होऊ शकतो, आणि देहावरचा औषधोपचार त्यांच्यावर चालावा यात आस्तिकाला धक्का बसण्यासारखे काही नाही.

आधुनिक संशोधन हेच क्षेत्र अधिक बारकाईने मोजत आहे. स्किझोफ्रेनिया या विकारात अनेक रोग्यांना कोणी नसताना आवाज ऐकू येतात. या आवाजांच्या एका मान्यवर उपपत्तीनुसार मेंदू जेव्हा स्वतः एखादी कृती घडवतो, मग ती हाताची हालचाल असो किंवा मनातल्या मनात बोललेला शब्द, तेव्हा तो त्या कृतीची पूर्वसूचना आपल्याच संवेदनकेंद्रांना देतो आणि त्यामुळे येणारी संवेदना ‘आपली’ म्हणून सौम्य होते. माणसाला स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, त्याचे कारण हेच. सेरा-जेन ब्लेकमोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की ज्या रोग्यांना भास होतात किंवा आपल्या हालचाली कोणी परका घडवतो असे वाटते, त्यांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श यांत इतरांइतका फरक जाणवत नाही. मनातल्या बोलण्यावर ‘हे माझे’ असा शिक्का बसायचा राहिला, तर ते बोलणे परक्याचे म्हणूनच ऐकू येणार. सांख्यांनी अहंकाराला नेमके हेच काम दिले होते: अनुभवाला ‘मी’ आणि ‘माझे’ म्हणून चिकटवणे. या दृष्टीने ‘अंगात कोणी बोलते आहे’ असे सांगणारा रोगी खोटे बोलत नसतो, तो आपल्या बिघडलेल्या अहंकाराचा प्रामाणिक अहवाल देत असतो.

भावना आणि ज्ञान यांचे नाते काप्ग्रा नावाच्या भ्रमात आणखी स्पष्ट होते. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ काप्ग्रा यांनी १९२३ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात रोगी आईचा चेहरा अचूक ओळखतो, आणि तरीही ही माझी आई नव्हे, तिचे सोंग घेतलेली दुसरीच कोणी आहे, असे ठामपणे सांगतो. हर्स्टीन आणि रामचंद्रन यांनी १९९७ मध्ये अशा एका रुग्णाचा अभ्यास करून सुचवले की चेहरा ओळखणारी मेंदूतील यंत्रणा शाबूत असते, पण तिला भावनेच्या केंद्रांशी जोडणारा मार्ग तुटलेला असतो. आई दिसते, मात्र आईला पाहून जे वाटायला हवे ते वाटत नाही, आणि बुद्धी या विसंगतीचे उत्तर म्हणून तोतयाची गोष्ट रचते. वात्सल्य किंवा ओढ ही ज्ञानावर चढवलेली सजावट नाही, ती ओळखण्याच्या क्रियेचाच भाग आहे. भक्तीला उन्मादाच्या लक्षणांत स्थान देणाऱ्या चरकाला हे ऐकून नवल वाटले नसते.

औषधांचा इतिहास याच दिशेने जातो. सर्पगंधा ही वेडावर देण्याची वनस्पती म्हणून भारतीय वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्याविषयी शोधनिबंध लिहिला, मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिचा परिणाम जगापुढे आणला, आणि तिच्यातून वेगळे काढलेले रेझर्पिन १९५० च्या दशकात मनोरुग्णालयांत वापरले गेले. याच औषधाने रक्तदाबाच्या काही रुग्णांना कारण नसताना खोल विषण्णता आल्याच्या नोंदी झाल्या. हा संबंध पुढील अभ्यासांत तितका पक्का ठरला नाही. पण त्या नोंदींनी विचारवंतांपुढे ठेवलेला प्रश्न आजही टिकून आहे. दुःख हे जगाविषयीचे एक मत असते, काहीतरी गमावल्याची ती जाणीव असते, असे मानले तर काहीही न गमावता आलेल्या दुःखाला काय म्हणायचे? गीतेने दुःख क्षेत्रात ठेवले, याचा अर्थ येथे उलगडतो: दुःखाला कारण असते, पण ते कारण नेहमी दुःखी माणसाच्या आयुष्याच्या कथेत सापडेलच असे नाही.

यावर कर्मवादी आक्षेप घेईल की मेंदूतील बिघाड हे केवळ जवळचे कारण झाले, हाच मेंदू याच माणसाला का मिळाला याचे उत्तर कर्मच देते. तर्क म्हणून हे खोडता येत नाही. परंतु त्यातून दुसऱ्याला दोष देण्याचा अधिकार निघत नाही. कर्माची गती गहन आहे असे गीताच सांगते, आणि जी गती गहन आहे ती शेजाऱ्याच्या मुलाच्या बाबतीत आपल्याला वाचता आली असा दावा करणारा माणूस शास्त्राच्या नावाने सर्वज्ञता पांघरतो. कर्मसिद्धान्ताचा उपयोग फार तर स्वतःच्या आचरणाला शिस्त लावण्यासाठी करता येईल; रोग्याच्या अंथरुणाशी उभे राहून तो उच्चारणे हा अधर्मच आहे.

येथे विज्ञानाच्या बाजूने येणारा एक धोकाही सांगितला पाहिजे, कारण तो कमी बोलला जातो. मनोविकार हा मेंदूचा किंवा जनुकांचा रोग आहे असे समजावल्याने लोक रोग्याला कमी दोष देतात, पण त्याच वेळी तो बरा होणार नाही अशी त्यांची समजूत बळावते आणि त्याच्यापासून दूर राहण्याची वृत्ती कमी होत नाही, असे क्वाले, हास्लम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहून दाखवले. दोष गेला, पण त्याबरोबर माणूसही गेला. उरला तो बिघडलेला मेंदू. क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांचा भेद मानणाऱ्या परंपरेने बोलले पाहिजे ते नेमके या जागी. क्षेत्रज्ञ आहे हे कोणतेही यंत्र सिद्ध करणार नाही, आणि लोकायत मताने तर चैतन्य हे भूतांच्या संयोगातून मद्यातील कैफासारखे उपजते असे प्राचीन काळीच म्हटले होते. तथापि समोरच्या माणसाला त्याच्या विकाराइतकाच मानायचे नाही, हा निर्णय प्रयोगशाळेत होत नसून माणसांच्या व्यवहारात होतो, आणि आत्म्याच्या विचाराने त्या निर्णयाला शतकानुशतके बळ दिले आहे.

हे बळ निव्वळ कल्पनेतले नाही. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुर्मन यांनी कॅलिफोर्निया, घानामधील आक्रा आणि चेन्नई येथील प्रत्येकी २० रोग्यांना त्यांना ऐकू येणाऱ्या आवाजांविषयी विचारले, तेव्हा अमेरिकेतील रोग्यांनी बहुधा हिंसक आणि परके आवाज सांगितले, तर चेन्नईतील अनेकांना नातेवाइकांचे, रागावणारे पण घरकाम आणि नीटनेटकेपणाची आठवण करून देणारे आवाज ऐकू येत होते. भोवतालचा समाज ‘मी’ची कल्पना कशी करतो, याची खूण विकारातही उमटते. व्हिडा स्कुल्टन्स यांनी महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे आजारी माणसाबरोबर आलेल्या घरच्या स्त्रिया त्याचा त्रास आपल्या अंगावर यावा म्हणून स्वतः झपाटल्या अवस्थेत जात असल्याचे त्यांनी नोंदवले. उपचार म्हणून ते पुरेसे नाही, आणि त्याचे ओझे बायकांवरच पडते हे तर अन्यायाचेच. पण रोग्याला एकटे न सोडण्याची जी जाणीव त्यात आहे ती कोणत्याही गोळीच्या वेष्टनात मिळत नाही. उलट तामिळनाडूतील एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या आसऱ्याने चालवलेल्या एका निवाऱ्यात साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले, आणि श्रद्धेच्या जागी उपचार नसला की काय होते ते देशाने पाहिले.

रायगड जिल्ह्यातच दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचे काम दिसते. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या ‘श्रद्धा’ संस्थेचे केंद्र कर्जतजवळ आहे, आणि त्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला तेथे आणले जाते, त्याला आंघोळ घातली जाते, जटा झालेले केस कापले जातात, जेवण आणि औषध सुरू होते. आणि ज्याने महिनोन् महिने अर्थाचे वाक्य उच्चारलेले नसते तो काही आठवड्यांनी आपल्या गावाचे नाव सांगतो. मग कार्यकर्ते त्याला घेऊन त्या गावी जातात. पनवेल तालुक्यात ख्रिस्ती श्रद्धेतून उभा राहिलेला ‘सील’ आश्रमही निराधारांना आसरा देऊन त्यांच्या घरच्यांचा शोध घेतो.

पनवेल हे रेल्वेचे आणि महामार्गांचे जंक्शन आहे. कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ येथूनच निघतो, आणि घर हरवलेली माणसे स्थानकाबाहेर व उड्डाणपुलांखाली दिसतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार मनोविकार असून भटकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते, आणि तो बेघर असेल तर बेपत्ता व्यक्तीची नोंद करून त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावा लागतो. असा माणूस दिसल्यास वाचकांनी त्याच्या कर्माचा विचार न करता जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे आणि या कलमाचा उल्लेख करावा. आणि विकार आपल्याच घरात असेल तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.