सुट्टी सामाईक हवी

वार्षिक परीक्षा संपत आली की वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत पत्रके घरात पडू लागतात. संस्कार शिबिर, साहस शिबिर, पोहण्याचे वर्ग, अबॅकस, रोबोटिक्स. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी शुल्काचा आकडा असतो आणि दोन मुलांच्या घरात तो दुप्पट करूनच वाचला जातो. ज्यांना परवडते ते भरतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्या मनाला आपण मुलांसाठी कमी पडतो आहोत अशी बोच लागून राहते. ही बोच मला फार अन्यायाची वाटते. मुलांची सुट्टी म्हणजे आईबापांच्या ऐपतीची परीक्षा असू नये.

पूर्वीची मुले थोडक्यात समाधान मानत, असे वडीलधारी मंडळी सांगतात. मला वेगळेच कारण दिसते. ती सुट्टी स्वस्त होती, कारण ती सामाईक होती. विहीर एकाची असे, पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकवणारा दुसराच कोणी असे आणि आमराई तिसऱ्याची. लगोरीला सात चपटे दगड आणि एक चेंडू पुरे, पण भिडू मात्र दोन्ही बाजूंना हवेत. चौकाबाऱ्याचा पट खडूने फरशीवर आखता येतो, फोडलेले चिंचोके फासे म्हणून चालतात, पण चार बाजूंना चार जण बसल्याशिवाय डाव रंगत नाही. डबा ऐसपैस, विषामृत, लंगडी या खेळांना तर काहीच विकत आणावे लागत नाही. जुन्या खेळांना साहित्य कमी आणि माणसे जास्त लागत. माणसे पांगली की त्यांची जागा वस्तूंनी भरावी लागते, आणि वस्तूंना पैसे पडतात. चौथ्या मजल्यावरच्या बंद घरात एकटे मूल महागच पडणार; त्यात त्या मुलाचा हट्टीपणा शोधण्यात अर्थ नाही.

त्या सुट्टीचेही मोल कोणीतरी मोजत होते, हे मात्र विसरून चालणार नाही. आजोळी जमलेल्या दहा-बारा मुलांचा स्वयंपाक, आंघोळी, आजारपणे, वर कुरडया-पापडांचा घाट, हे सगळे घरातल्या बायका निभावत. माहेरवाशिणीला चार दिवस विसावा मिळे, तेव्हा मामी चुलीपुढे असे. त्यामुळे जुनी सुट्टी जशीच्या तशी परत आणा असे म्हणणे मला पटत नाही. सुट्टी सामाईक हवी, तर तिचे कष्टही सामाईक हवेत आणि त्यात पुरुषांचा वाटा बरोबरीचा हवा.

आज अनेक शहरी घरांत आई आणि वडील दोघेही कामाला जातात. मूल दिवसभर कोणाजवळ ठेवायचे, हा प्रश्न खरा आहे आणि शिबिरे त्याच प्रश्नावर चालतात. पण त्याला दुसरे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. पुण्यासारख्या शहरात शिकायला आलेली गरीब मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या पद्धतीत उपकाराचे ओझे होते, ते आपण काढून टाकू. बरोबरीच्या नात्याने पाच घरांनी मुलांसाठी वार लावून घेतले, तर प्रत्येक घराच्या वाट्याला आठवड्यातला एकच दिवस येतो. त्या दिवशी घरातल्या कोणीतरी रजा घ्यायची किंवा आजी-आजोबांनी पुढाकार घ्यायचा. मुलांना पाच स्वयंपाकघरांची चव कळते, पाच घरांच्या रीती कळतात, आणि शेजारच्या काकांना काय काय येते हेही कळते. कोणी सायकलचे पंक्चर काढायला शिकवील, कोणी पेटीवर सूर काढायला, कोणी कैरीचे पन्हे करायला.

अशा दिवसांत करण्याजोगे पुष्कळ आहे. कुरडया घालायचा दिवस गच्चीवर ठरवावा. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून त्याचा चीक काढायचा, तो शिजवायचा, सोऱ्यात भरायचा. शिजलेला गरम चीक वाटीत घेऊन खाण्याचा मान मुलांचा, तसेच पापडाच्या लाट्या तेलात बुडवून खाण्याचाही. सोऱ्या दाबायला जोर लागतो, तिथे वडील मंडळींनी बसावे. गहू भिजल्यावर का आंबतो, चीक शिजताना घट्ट का होतो, हे प्रश्न मुले आपणहून विचारतात. विज्ञानाचा असा तास कोणत्याही वेळापत्रकात मावत नाही.

मे महिन्यात आकाशही एक खेळ फुकट दाखवते. सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य ऐन माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टमध्ये, बहुधा ढगाआड जाणारी. पहिली मात्र सुट्टीतच सापडते: कोल्हापूरला 6 मेच्या सुमारास, पुण्याला 13-14 मेला, मुंबईला 15-16 मेला, नागपूरला 26 मेच्या आसपास. मुंबईत ही वेळ दुपारी साधारण 12 वाजून 35 मिनिटांची, नागपुरात 12 वाजून 10 मिनिटांची. गच्चीवर एक पेला उपडा ठेवायचा आणि टोपी घालून काही मिनिटे पाहायचे. आजोळी फोन लावून तिथे सावली कधी गेली हे विचारले, की पृथ्वी गोल आहे आणि फिरते आहे हे पुस्तकातले वाक्य मुलांचे स्वतःचे होते.

एरवी भर दुपारी ऊन टाळायलाच हवे, आणि दुपार हाताला काम देण्यासाठी उत्तम. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या यांतून शेकडो खेळणी करून दाखवली. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे हे काम केले आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके आणि चित्रफिती इंटरनेटवर विनामूल्य आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते, त्याचे जुने अंकही तसेच वाचता येतात.

घराबाहेर पडायचे तर एसटी आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट, मार्च 2023 पासून महिलांनाही अर्धे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना मोफत. तीन पिढ्यांचे कुटुंब इतक्या कमी पैशांत क्वचितच कुठे हिंडू शकत असेल. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील कार्ले, भाजे, अजिंठा, वेरूळ इथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. किल्ल्यावर जायचे तर पहाटे निघून उन्हे तापण्याआधी उतरून यावे. वाटेत करवंदे मिळतात, आणि फोडण्याआधी आत कोंबडा की कोंबडी, म्हणजे गर लाल की पांढरा, हा डाव खेळल्याशिवाय ती खाऊ नयेत. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, वज्री, वाद्ये पाहावीत आणि मुलांना सांगावे की लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने एका बापाने ही सारी दौलत समाजाला देऊन टाकली.

महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचे भिलार मला या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे वाटते. मे 2017 मध्ये ते पुस्तकांचे गाव झाले. गावकऱ्यांनी आपल्या घरांतल्या खोल्या वाचकांसाठी उघडल्या. कोणीही यावे, बसावे, वाचावे. स्ट्रॉबेरी पिकवणारे एक गाव हे करू शकते, तर आपल्या सोसायट्या आणि आपली शहरे का करू शकत नाहीत?

आपली मागणी इथून पुढे सरकारकडे आणि संस्थांकडे जायला हवी. मे महिन्यात अनेक शाळांच्या मैदानांना कुलूप असते. लोकांच्या पैशातून उभी राहिलेली ही मैदाने सकाळ-संध्याकाळ वस्तीतल्या मुलांसाठी उघडी हवीत, पिण्याच्या पाण्याची आणि एका देखरेख करणाऱ्या माणसाची सोय करून. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात 1967 साली झाला. शासनमान्य ग्रंथालये अकरा हजारांहून अधिक आहेत. सुट्टीत त्यांतल्या बालविभागांत मुलांना अनामत रकमेशिवाय सभासद होता आले पाहिजे. ज्या मुलाच्या घरी पंखाही नीट चालत नाही, त्याला दुपारी सावलीत बसून वाचायला जागा मिळणे ही चैन नाही, तो त्याचा हक्क आहे.

आणि आपल्या हातात आहे ते आपण करावे. सोसायटीच्या सभेत पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंग यांवर तासन् तास बोलणे होते. मार्चच्या सभेत मुलांची सुट्टी हाही एक विषय घ्यावा. कोणाचा वार कोणता, गच्चीची किल्ली कोणाकडे, वॉचमनची आणि कामवाल्या ताईंची मुले या गटात असतील ना, हे तिथेच ठरवावे. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळाले, तरच ती सुट्टी खऱ्या अर्थाने सामाईक म्हणायची.